रेव्हरंड टिळक: शिष्यत्वाची चोवीस वर्षे

इ. स. १९१७ साली एक वयस्कर गृहस्थ अहमदनगरचे आपले जुने बिऱ्हाड हलवून साताऱ्यास राहावयास आले. वय पन्नाशी उलटून पाचसहा वर्षे झालेले, प्रकृती फारशी चांगली नाही, आणि दरमहा ठरावीक दिवशी हाती पडणारा मिशनचा पगार त्यांनी आपण होऊन सोडून दिलेला. ज्या वयात मध्यमवर्गीय माणूस निवृत्तीनंतरच्या तरतुदीचे आकडे मांडू लागतो, त्या वयात या गृहस्थाने हाती असलेली तरतूदही मोडली. या गृहस्थांचे नाव नारायण वामन टिळक. आमचे तासगाव त्या वेळी सातारा जिल्ह्याचाच एक तालुका होते. दक्षिण सातारा जिल्हा १९४९ साली वेगळा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली पडले. तेव्हा टिळकांच्या आयुष्यातील अखेरचे आणि सर्वांत धाडसाचे पर्व आपल्याच जिल्ह्याच्या ठाण्याच्या गावी घडले, असे म्हणण्याचा हक्क आपणास आहे. मात्र हा हक्क आपण फारसा बजावलेला दिसत नाही.

टिळकांचे स्मरण मराठी वाचकास होते ते फुलामुलांचे कवी म्हणून. शाळेच्या पाठ्यपुस्तकांनी ही ओळख पक्की केली. दुसरी ओळख अशी की, एक कोकणस्थ ब्राह्मण कवी ख्रिस्ती झाला. या दुसऱ्या ओळखीपाशी पोचताच बहुतेकांचे कुतूहल संपते. ज्यांना ती घटना रुचत नाही ते तेथे थांबतात, आणि ज्यांना रुचते तेही तेथेच थांबतात. बाप्तिस्म्याची तारीख नोंदली की कार्य झाले, असे दोन्ही पक्षांस वाटते. वस्तुतः टिळकांचे चरित्र त्या तारखेपासून सुरू होते. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईतच त्यांचे देहावसान झाले. या दोन तारखांमधील चोवीस वर्षांत एक तापट, विसराळू, अतिशय बुद्धिमान आणि अतिशय अभिमानी मनुष्य रोजच्या संसारात प्रेम कसे करावे हे थोडे थोडे शिकत गेला. ख्रिस्ताचे शिष्यत्व म्हणतात ते हेच. येत्या ९ मे रोजी त्यांची पुण्यतिथी आहे; त्या निमित्ताने त्यांच्या चरित्राकडे या बाजूने पाहावे, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

टिळकांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. आई जानकीबाई भाविक आणि कवितेची आवड असलेली; वडील वामनराव कमालीचे तापट. आईच्या प्रेमाचा आणि वडिलांच्या रागाचा असा दुहेरी वारसा या मुलास मिळाला आणि तो त्यास जन्मभर पुरला. वयाच्या अकराबाराव्या वर्षी आई गेली. त्यानंतर मुलाने घर सोडले आणि नाशिकची वाट धरली. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्याने संस्कृत काव्याचे अध्ययन केले. इंग्रजी शिक्षण झाले ते तुटक तुटक. १८८० साली नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या मुलीशी त्यांचा विवाह झाला. ही मुलगी म्हणजेच पुढे मराठी गद्यात अढळ स्थान मिळविलेल्या लक्ष्मीबाई टिळक. लग्नाच्या वेळी त्यांचे वय अकराबारा वर्षांचे होते आणि त्यांस अक्षरओळखही धड नव्हती.

पुढची दहाबारा वर्षे टिळक स्थिर असे कोठेच झाले नाहीत. कधी शाळामास्तर, कधी कीर्तनकार व पुराणिक, कधी नियतकालिकाचे संपादक, अशी नाना कामे त्यांनी केली. एका गावी बस्तान बसते न बसते तोच ते दुसऱ्या गावी निघून जात, आणि मागे राहिलेल्या पत्नीस माहेरी अथवा नातलगांकडे दिवस काढावे लागत. नागपुरास अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांचे संस्कृत वाङ्मयाचे काम चालले. याच काळात त्यांच्या मनास एका प्रश्नाने ग्रासले होते. देशाच्या दुःस्थितीचे मूळ धर्माच्या आजच्या रूपात आहे, जातिभेदाने माणसामाणसांत जी दरी पडली आहे ती बुजल्यावाचून राष्ट्र म्हणून आपण उभे राहणार नाही, असे त्यांचे मत होत चालले होते. नवा धर्मच स्थापावा की काय, इथपर्यंत त्यांचे विचार गेले होते. म्हणजे धर्माकडे ते वळले ते राष्ट्राच्या चिंतेतून. स्वतःच्या अंतःकरणात काही बदलावयास हवे, ही जाणीव त्यांस अद्याप झालेली नव्हती.

ती झाली १८९३ साली, आगगाडीत. कामधंद्याच्या शोधात टिळक राजनांदगावास निघाले होते. डब्यात एक युरोपीय गृहस्थ होता. त्या काळी गोऱ्या उतारूने काळ्या उतारूशी कसे वागावे याविषयीचे अलिखित नियम सर्वांच्या परिचयाचे होते. या गृहस्थाने ते बाजूस ठेवून टिळकांना आदराने जागा दिली, त्यांच्याशी संस्कृत काव्याविषयी चर्चा केली आणि उतरताना नव्या कराराची एक प्रत भेट देऊन ती वाचण्याचे वचन त्यांच्याकडून घेतले. दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही त्याने केले म्हणतात. त्याचे नाव टिळकांस पुढे कधीही कळले नाही. पुस्तक उघडले तेव्हा मनात विशेष श्रद्धा होती असे नव्हे. दिलेले वचन पाळावयाचे एवढेच होते. परंतु मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायाशी, म्हणजे डोंगरावरील प्रवचनाशी ते आले आणि तेथे खिळून राहिले. शत्रूवर प्रीती, सूड न घेणे, दान देताना डाव्या हातास उजव्या हाताची वार्ता न कळू देणे, या गोष्टी त्यांस देशाच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून भिडल्या, आणि त्याबरोबरच आपल्या तापट स्वभावावरील निकाल म्हणूनही भिडल्या असाव्यात.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. टिळकांस ख्रिस्ताकडे नेले ते कोणत्याही प्रचारकाच्या व्याख्यानाने नव्हे. एका अपरिचित प्रवाशाच्या दोन घटकांच्या सौजन्याने त्यांस त्या वाटेवर आणले. रेल्वेच्या डब्यात जागा देणे ही किती क्षुल्लक गोष्ट! त्या गृहस्थाचा मोठेपणा कोणत्याही इतिहासात नमूद नाही. त्याने आपल्या धर्माचे पालन जेथे होता तेथे, समोर जो मनुष्य आला त्याच्याशी केले, आणि तो आपल्या स्टेशनावर उतरून गेला.

पहिली चूक आणि तिची भरपाई

यापुढील भाग टिळकांच्या भक्तांस अवघड वाटेल, परंतु तो गाळून त्यांचे चरित्र सांगता येत नाही. दोन वर्षांच्या वाचनानंतर, चिंतनानंतर आणि पत्रव्यवहारानंतर टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. मात्र पत्नीस विश्वासात घेऊन नव्हे. बातमी लक्ष्मीबाईंवर कोसळली ती वीज पडावी तशी. त्यांच्या पदरी लहानगा मुलगा दत्तू होता. पती जिवंत असून संसार संपलेला, आप्तस्वकीयांची सहानुभूती आणि त्या सहानुभूतीतली बोच, आणि पुढे काय हा प्रश्न, अशा स्थितीत चारपाच वर्षे त्यांनी नातलगांच्या आश्रयाने काढली. काही काळ त्या पंढरपुरास राहिल्या. त्यांच्या मनाची त्या काळी जी अवस्था झाली, तिचे वर्णन त्यांनी पुढे आपल्या आत्मकथनात केले आहे. त्या वर्णनात आक्रोश थोडा आणि विनोद अधिक आहे, आणि म्हणूनच ते वाचताना काळजास घरे पडतात.

अर्थशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर टिळकांच्या निर्णयाचा खर्च दुसऱ्याच व्यक्तीच्या खात्यावर पडला. ध्येयवादी पुरुषांच्या चरित्रांत हे नेहमी घडते. देशासाठी तुरुंगात जाणारा, समाजासाठी घर सोडणारा, धर्मासाठी जात सोडणारा पुरुष वंदनीय ठरतो, आणि त्याच्या त्यागाचे हप्ते घरातली स्त्री फेडत राहते. टिळक या नियमास अपवाद नव्हते. त्यांचे वेगळेपण यापुढे दिसते. त्यांनी दुसरा विवाह केला नाही, पत्नीवर कायद्याचा अथवा नवरेपणाचा जोर चालविला नाही, आणि तिने आपला धर्म स्वीकारावा अशी अट घातली नाही. ते पत्रे लिहीत राहिले, भेटीस येत राहिले, वाट पाहत राहिले. ज्या मनुष्यास बसल्या जागी धीर धरणे ठाऊक नव्हते, त्यास वाट पाहणे शिकावे लागले. त्यांच्या शिष्यत्वाचा हा पहिला धडा होता.

अखेर लक्ष्मीबाई अहमदनगरास आल्या त्या आपल्या सोवळ्याओवळ्यासह आल्या. स्वयंपाक निराळा, पाणी निराळे, पंगत निराळी. नवरा ख्रिस्ती, बायको कर्मठ, असा तो संसार नगरास काही काळ चालला आणि टिळकांनी तो चालू दिला. बायकोच्या पाण्याच्या घागरीस विटाळ होऊ नये याची काळजी जातिभेदाचा कट्टर शत्रू असलेला हा मनुष्य घेत असे. तत्त्वाचा विजय व्हावा म्हणून माणसावर आघात करू नये, हे त्यांस आता उमगले होते. पुढे लक्ष्मीबाईंनी हा भेद टाकला तो नवऱ्याच्या उपदेशाने नव्हे. देवाने माणसे निर्माण केली तेव्हा जाती निर्माण केल्या काय, असा प्रश्न त्यांनी स्वतःच स्वतःस विचारला आणि उत्तर मिळताच कोणाच्याही हातचे पाणी पिण्याचा निश्चय केला. १९०० साली त्यांनी आणि दत्तूने बाप्तिस्मा घेतला. पतीपत्नींच्या दोन बाप्तिस्म्यांमधील पाच वर्षांचे अंतर हे टिळकांच्या चरित्रातील सर्वांत बोलके अंतर आहे. पहिला निर्णय आवेगाचा होता. दुसरा निर्णय दोघांनी मिळून, धीराने पिकू दिला.

घर हीच शाळा

टिळक नगरच्या अमेरिकन मराठी मिशनचे काम करीत. ख्रिस्ती धर्मोपदेशक तयार करणाऱ्या विद्यालयात ते शिकवीत, कीर्तने करीत, लिहीत. पुढे ते पाळक झाले आणि त्यांच्या नावामागे रेव्हरंड हा शब्द लागला. १९१२ पासून 'ज्ञानोदय' पत्राच्या मराठी विभागाचे संपादनही त्यांच्याकडे आले. परंतु ही सर्व कामे बाजूस ठेवून त्यांच्या घरात डोकावले तर त्यांचे खरे काम दिसते. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन भीषण दुष्काळांनी आणि त्यांस जोडून आलेल्या प्लेगने नगर जिल्हा होरपळून निघाला होता. अनाथ मुलांचे तांडे गावोगाव फिरत होते. टिळकांच्या घरी अशी मुले येत, जेवत, राहत, वाढत. टिळक त्यांना घेऊन येत आणि लक्ष्मीबाई त्यांना सांभाळीत. घरात पैसा किती आहे, शिधा किती दिवसांचा आहे, याचा हिशेब घरधन्यास कधीच ठाऊक नसे. वाटेत कोणी थंडीने कुडकुडताना दिसला तर अंगावरचे वस्त्र देऊन टिळक रिकाम्या अंगाने घरी येत. घरी हिशेब ठेवणारी एक व्यक्ती होती म्हणूनच हे औदार्य चालू शकले, हे टिळकांस हळूहळू कळले. आणि आपल्या काटकसरीत नवऱ्याच्या उधळेपणास जागा ठेवावी लागेल, हे लक्ष्मीबाईंनी ओळखले.

प्लेगच्या दिवसांत आजाऱ्याजवळ जावयास रक्तामांसाचे नातलग कचरत असता लक्ष्मीबाईंनी रुग्णांची सेवा केली. ज्या बाईने काही वर्षांपूर्वी परक्याच्या स्पर्शाने स्नान केले असते, तिने परक्यांची मळमूत्रे काढली. या बदलास कोणते नाव द्यावे? धर्मांतर हा शब्द त्यास अपुरा पडतो. धर्मांतराची नोंद एका दिवसात होते. ही वाढ मात्र रोज थोडी थोडी होते. घरातल्या चुलीशी, अंथरुणावरच्या आजाऱ्याशी, दारात आलेल्या उपाशी पोराशी ती होते, आणि तिची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही.

टिळकांचा राग मात्र अखेरपर्यंत पुरता गेला नाही. पतीपत्नींची भांडणे होत, अबोले होत, आणि सलोखेही होत. लक्ष्मीबाईंनी यांतले काही लपविले नाही. नवऱ्यास देव्हाऱ्यात बसविण्याची संधी असताना त्यांनी त्यास माणसांतच ठेवले, हे त्यांच्या लेखणीचे आणि त्यांच्या श्रद्धेचेही वैशिष्ट्य होय. दोष सांगितल्याने प्रेम उणे होत नाही अशी त्यांची खात्री असली पाहिजे.

या घराचा उंबरठा ओलांडताना कोणास धर्म विचारला जात नसे. १९०७ साली जळगावास पहिले कविसंमेलन भरले. तेथे त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाच्या एका कोवळ्या मुलाने कविता म्हणून सर्वांस चकित केले. हेच आपले बालकवी. टिळकांनी या मुलास नगरास आपल्या घरी आणून ठेवले आणि लक्ष्मीबाईंनी त्यास पोटच्या मुलासारखे वागविले. त्याचा हट्टी आणि हळवा स्वभाव त्यांनी सोसला. तो हिंदू होता आणि हिंदूच राहिला. त्यावरून त्या घरातील मायेत काडीचा फरक पडल्याचे कोणी सांगत नाही. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ आगगाडीखाली सापडून बालकवींचा अंत झाला. टिळकांच्या अखेरच्या वर्षातील हा मोठा घाव होय.

तुकोबांच्या वाटेने

टिळक ख्रिस्ती झाले तेव्हा मराठी ख्रिस्ती मंडळींत बहुतांशी इंग्रजी गीतांची भाषांतरे इंग्रजी चालींवर म्हटली जात. शब्द मराठी असले तरी श्वास परका होता. टिळकांनी अभंग, ओव्या, पदे आणि भजने रचून उपासनेस या मातीचा स्वर दिला. मराठी ख्रिस्ती मंडळींच्या 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात त्यांच्या रचनांचा वाटा फार मोठा आहे आणि आजही रविवारच्या उपासनेत त्या गाइल्या जातात. आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकोबांच्या पुलावरून, अशी त्यांची भावना होती आणि ती ते उघडपणे सांगत. यात नव्या धर्माची जाहिरात नव्हती आणि जुन्याविषयीची कृतघ्नताही नव्हती. भक्ती ही एकदा करून संपणारी गोष्ट नसून तिला नित्यनेम लागतो, देवाशी भांडता येते, त्याच्यावर रुसता येते, आणि तरीही त्याचेच नाव घ्यावे लागते, हे टिळकांस वारकरी संतांनी शिकविले होते. वारकऱ्याच्या नित्यनेमात आणि ख्रिस्ताच्या मागे दररोज आपला वधस्तंभ उचलून चालण्यात त्यांस परकेपणा वाटला नाही.

यामुळे दोन्हीकडची माणसे त्यांच्यावर नाराज होत. जुन्या समाजास ते बाटगे वाटत आणि काही मिशनऱ्यांस ते अति हिंदू वाटत. देशभक्ती त्यांनी बाप्तिस्म्याच्या पाण्यात बुडविली नव्हती. हिंदुस्थानावरची त्यांची कविता कोणत्याही राष्ट्रवाद्याच्या कवितेस उणी नाही. हिंदी ख्रिस्ती मंडळी परदेशी पैशावर आणि परदेशी हुकमतीवर किती दिवस जगणार, हा प्रश्न ते 'ज्ञानोदया'च्या काळात सतत विचारीत राहिले. प्रश्न विचारणे सोपे असते. टिळकांपुढे अडचण अशी की, प्रश्न विचारणारा स्वतः त्याच परदेशी पैशावर पगार घेत होता. ही विसंगती त्यांस डाचत होती.

देवाचा दरबार

१९१७ साली त्यांनी ती मिटविली. पगार सोडला, मिशनची नोकरी सोडली आणि ते साताऱ्यास आले. संन्यस्त वृत्तीने राहावयाचे, पण घरदार सोडून अरण्यात जावयाचे नाही, असा त्यांचा संकल्प होता. साताऱ्यास त्यांनी 'देवाचा दरबार' या नावाचा एक बंधुसंघ सुरू केला. या दरबारात ख्रिस्ताच्या अनुयायांना मुक्त प्रवेश होता. बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, ख्रिस्ताचे शिष्यत्व ज्यास पत्करावयाचे तो दरबारी. संप्रदायांच्या भिंती तेथे नव्हत्या, जातीच्या नव्हत्या आणि पगारी पदेही नव्हती. सेवा, भजन आणि बंधुप्रेम हे त्याचे नित्याचे कार्यक्रम. मनुष्य ख्रिस्ती आहे की नाही हे त्याच्या नावावरून अथवा नोंदवहीवरून न ठरविता त्याच्या रोजच्या वर्तनावरून ठरवावे, ही या कल्पनेमागची दृष्टी होती. मंडळीतील कित्येकांस ही कल्पना धोक्याची वाटली. बाप्तिस्म्याची अट शिथिल केली तर मंडळीचे स्वरूप काय राहणार, हा त्यांचा आक्षेप होता आणि तो गैरलागू म्हणता येणार नाही. कोणत्याही समाजास काही सीमारेषा लागतात. टिळकांचे उत्तर त्यांनी वादाने फारसे दिलेच नाही. ते तसे जगू लागले.

पगार सोडणे ही गोष्ट शिक्षक, कारकून, प्राध्यापक अशा आम्हा पगारदारांस विचार करावयास लावणारी आहे. आमच्या तासगावच्या परिसरात द्राक्षाचा बागायतदार दर वर्षी अनिश्चिततेशी जुगार खेळतो. एका अवकाळी पावसाने त्याचे वर्षाचे उत्पन्न वाहून जाते. पगारदाराचे तसे नसते. निश्चित उत्पन्न हे सुख आहे, पण त्याची एक किंमत असते. जो पगार देतो त्याच्याविरुद्ध बोलताना जीभ अडखळते, आणि पुढे पुढे मनही त्या दिशेने जाण्याचे सोडून देते. टिळकांनी ही किंमत ओळखली. परंतु प्रत्येकाने राजीनामा खिशात घालून हिंडावे असा याचा अर्थ नव्हे. टिळकांना ते शक्य झाले कारण त्यापूर्वी वीसबावीस वर्षे त्यांनी आपल्या घरात देण्याचा सराव केला होता. अंगरखा देणाऱ्यासच एके दिवशी पगार देऊन टाकता येतो. एकाएकी मोठा त्याग करावयास निघालेला मनुष्य बहुधा दुसऱ्याच दिवशी पस्तावतो.

आणखी एक भेद लक्षात घेण्यासारखा आहे. १८९५ चा निर्णय टिळकांनी पत्नीस न विचारता घेतला होता आणि तिने तो एकटीने सोसला. १९१७ च्या निर्णयात लक्ष्मीबाई त्यांच्यासह साताऱ्यास आल्या. या बावीस वर्षांत टिळकांच्या श्रद्धेची वाढ किती झाली हे मोजावयाचे असेल तर मोजमाप हेच घ्यावे.

दरबाराचे आयुष्य थोडे ठरले. टिळकांची प्रकृती ढासळली आणि मुंबईस ९ मे १९१९ रोजी त्यांचा अंत झाला. आपल्या देहास दफन न करता अग्नी द्यावा, अशी त्यांची इच्छा होती आणि ती पाळली गेली. ख्रिस्ती होताना आपण या देशाचे पुत्रत्व सोडलेले नाही, हे त्यांनी मरणानेही सांगितले. त्यांच्या पश्चात दरबार फार काळ टिकला नाही. एका व्यक्तीच्या तेजावर उभ्या राहिलेल्या संस्थांचे असे होते. नियम, पैसा आणि वारस यांची तजवीज करण्याचा टिळकांचा पिंड नव्हता. संस्था म्हणून पाहिले तर देवाचा दरबार हा अयशस्वी प्रयोग होय, हे मान्य केले पाहिजे.

तरीही त्या प्रयोगाचे बीज वाया गेले नाही. जे. सी. विन्स्लो नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाने टिळकांचे इंग्रजी चरित्र १९२३ साली प्रसिद्ध केले. याच विन्स्लोंनी हिंदी आणि युरोपीय बंधूंनी समानतेने एकत्र राहावे म्हणून ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला. पुढे आदिवासींचे अभ्यासक म्हणून ख्यातनाम झालेले व्हेरियर एल्विन १९२७ साली हिंदुस्थानात आले ते या संघात दाखल होण्यासाठीच. साताऱ्यातील बिनपगारी कवीच्या विचाराचा एक धागा असा दूरवर गेला.

दुसरा धागा घरातच राहिला. टिळकांनी ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध करावयास घेतले होते, त्या 'ख्रिस्तायना'चे दहाएक अध्याय त्यांच्या हातून झाले. उरलेले साठांहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. लग्नाच्या वेळी जिला अक्षरे येत नव्हती, जिला नवऱ्याने घरी बसवून वाचावयास शिकविले, जिने त्याच्या धर्मांतराने चारपाच वर्षे अश्रू गाळले, तिने त्याचे अपुरे काव्य त्याच श्रद्धेने पुरे केले. १९३४ पासून 'स्मृतिचित्रे' भागाभागाने प्रसिद्ध होऊ लागली आणि २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई वारल्या. 'ख्रिस्तायन' ग्रंथरूपाने आले ते त्यानंतर, १९३८ साली.

आपल्या भागास ख्रिस्ती सेवेचा परिचय मुख्यतः मिरजेच्या रुग्णालयाने करून दिला. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली उभारलेल्या त्या रुग्णालयात पिढ्यान्‌पिढ्या तासगाव, खानापूर, जतकडची माणसे उपचारांस गेली. ती सेवा डोळ्यांस दिसते, तिची इमारत दाखविता येते. टिळकांच्या साताऱ्यातील दोन वर्षांची अशी इमारत नाही. त्यांचे काम दिसते ते एका दांपत्याच्या स्वभावात घडलेल्या पालटात, आणि तो पालट पुस्तक उघडून वाचणारासच दिसतो.

धर्म कोणताही असो, आपण त्याचे मोजमाप फार सोप्या खुणांनी करू लागलो आहोत. कोणी कोणता धर्म सोडला, कोणी कोणता धरला, मिरवणूक किती मोठी निघाली, देवळास वा चर्चला देणगी किती जमली, या आकड्यांवरून श्रद्धेची भरतीओहोटी ठरविली जाते. टिळकांचे चरित्र दुसरे प्रश्न विचारते. घरातील माणसाशी कालपेक्षा आज अधिक सौम्यतेने बोललो काय? ज्याचे मत पटत नाही त्याच्या घागरीची काळजी घेतली काय? प्रवासात शेजाऱ्यास जागा दिली काय? वर्गातल्या मागच्या बाकावरील मुलाकडे, कचेरीच्या खिडकीशी चारदा हेलपाटे घातलेल्या म्हाताऱ्याकडे आपण माणूस म्हणून पाहिले काय? या प्रश्नांची उत्तरे कोणास कळवावयाची नसतात. ती रात्री दिवा मालवताना स्वतःशी द्यावयाची असतात. टिळकांस ती नीट देता येण्यास चोवीस वर्षे लागली, आणि तीही पुरी पडली असे ते म्हणाले नसते. आपण निदान ९ मे पासून आरंभ करावयास हरकत नाही.